सव्वा मूठ गहू

1907 साली जळगावात कवींचं संमेलन भरलं. अध्यक्षस्थानी डॉ. कीर्तिकर होते. धरणगावात जन्मलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या एका पोरसवदा मुलानं तिथं अशा काही कविता म्हटल्या की भर सभेत त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवण्यात आलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे. खानदेशातल्या शाळांत हे अभिमानानं सांगितलं जातं आणि तो अभिमान रास्तच आहे. पण त्या संमेलनाला नारायण वामन टिळकही होते. त्यांच्याबद्दल आम्हाला शाळेत ‘फुलांमुलांचे कवी’ एवढंच सांगितलं गेलं. त्यांच्या नावामागे रेव्हरंड का लागतं, ते लागण्यासाठी काय काय गमवावं लागलं, आणि मुख्य म्हणजे ते कुणाकुणाला गमवावं लागलं, हे कुणी बोललं नाही. मला ते पुष्कळ उशिरा, आमच्याच घरात कळलं.

टिळक कोकणस्थ ब्राह्मण. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि उतरताना त्यानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुढे दोन वर्षं हा माणूस आतल्या आत झगडत राहिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांची होती. पदरात लहानगा दत्तू. सोवळ्याच्या वेडापायी सगळं घर वेठीला धरणाऱ्या बापाच्या हाताखाली ती वाढलेली. नवरा हयात आहे, पण आपल्या माणसांच्या लेखी तो उरला नाही, अशा विचित्र जागी ती एका दिवसात येऊन पडली. सवाष्णीचा मान नाही आणि विधवेला मिळते तेवढी दयाही नाही. ती पंढरपुरात जाऊन राहिली. नवऱ्यानं देव बदललेला आणि बायको विठोबाच्या दारात, अशी काही वर्षं गेली.

शिष्यत्वाची किंमत हा विषय ख्रिस्ती प्रवचनांतून पुष्कळ येतो, आणि यायलाच हवा, कारण येशूनं स्वतः ती लपवली नाही. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसा तुम्हीही करा, असं तो मागे येणाऱ्या गर्दीला बजावतो. आईबाप, बायकोपोरं, भाऊबहिणी यांच्यापेक्षा मी मोठा वाटत नसेन तर माझ्यामागे येऊ नका, इतकं स्पष्ट बोलतो. डिट्रिख बोनहोफर या जर्मन पाद्र्यानं 1937 साली याच विषयावर पुस्तक लिहिलं, स्वस्तात मिळालेल्या कृपेवर त्यात कडक टीका केली, आणि 9 एप्रिल 1945 रोजी हिटलरच्या राजवटीनं त्याला फासावर दिलं. त्यानं जे लिहिलं त्याची किंमत त्यानं स्वतः मोजली. त्याच्यापुढे माझी मान लवते. पण येशूचं ते वचन मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा माझी नजर उठून निघालेल्या शिष्यावर ठरत नाही. ज्या आईला, ज्या बायकोला मागे ठेवून तो निघाला, तिच्याकडे जाते. तिनं कुठं हिशेब केला होता? बुरूज तिचा नव्हता. पैसे मात्र तिच्याही पदरातून गेले.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या मामांचं गाव अमळनेर तालुक्यात, तापीकाठी. मामांचा थोरला मुलगा, आम्हा सगळ्या मावस-मामे भावंडांचा दादा, धुळ्याला नोकरीला होता. तिथं एका आजारपणात सोबतच्या कामगारानं त्याची रात्र रात्र सेवा केली. तो कामगार नवापूरकडचा मावची आदिवासी, ख्रिस्ती. दादा बरा झाला, त्याच्याबरोबर प्रार्थनेला जाऊ लागला, पुढे त्यानं बाप्तिस्मा घेतला. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी नोकरी दिली नाही; नोकरी आधीचीच होती. हे मुद्दाम सांगते, कारण गावानं पहिल्याच दिवशी विचारलं, किती मिळाले? मामांना धर्म बदलल्याच्या दुःखापेक्षा तो प्रश्न जास्त लागला. त्यांनी दादाशी बोलणं टाकलं.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला कानबाई सांगायला हवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती आमच्याकडे येते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून तिला चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणून जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. या सणाचा जीव रोटांत आहे. रोटांसाठीचा गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात, एकेकाची सव्वा मूठ. पाळण्यातल्या मुलाचीही मूठ धरतात. तो गहू वेगळा दळतात, त्या पिठाचे रोट करतात, सोबत खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. कुळात कोण आहे आणि कोण नाही, हे त्या दिवशी गव्हाच्या मुठींवर ठरतं.

दादाच्या बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या श्रावणात मी मामांच्या घरी होते. माजघरात सूप पुढे घेऊन मामी बसली होती. धाकटी काकू पोत्यातून गहू काढून देत होती आणि एकेक नाव घेत होती. मामांचं झालं, काकांचं झालं, मग तिचा हात थांबला. खाली बघतच तिनं विचारलं, “दादाना नावनी मूठ लेवानी का?”

ओटीवर मामा बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार. ते काही बोलले नाहीत. मामीनं सुपातला गहू हातानं सारखा केला. म्हणाली, “ले. पोऱ्या मनाच शे.”

गहू पडला. रोट झाले. रविवारी दादा आलाही, कारण मामीनं निरोप धाडला होता. येताना त्यानं बाजारातून मोठं गंगाफळ आणलं, नेहमी आणायचा तसंच. पण तो जेवायला बसला नाही. देवीपुढे ठेवलेलं अन्न तो खाणार नव्हता. मला त्या वेळी त्याचा राग आला. इतकी मोठी झाली का याची श्रद्धा, की आईनं सगळ्या भाऊबंदांसमोर त्याची बाजू घेतली आणि यानं तिच्या हातचा घास नाकारला! पुढे कधीतरी त्यानं मला समजावून सांगितलं. करिंथच्या मंडळीपुढे हाच पेच होता आणि पौलानं त्यावर लिहिलंय. मूर्ती म्हणजे काहीच नाही, त्यामुळे अन्नात काही फरक पडत नाही, हे कळणारा माणूस ते खाऊ शकतो. पण त्याला खाताना पाहून एखाद्या कच्च्या मनाच्या भावाची वाट चुकणार असेल, तर त्यानं खाऊ नये. दादाबरोबर बाप्तिस्मा घेतलेले चौघे-पाच जण होते, त्यांतला एक दारू सोडून नुकता कुठे उभा राहत होता. त्यांच्यासाठी मी खाल्लं नाही, असं दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याचं म्हणणं तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. पण ते खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

दादाच्या वाटणीचे रोट उरले. परक्याला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत. मामीनं ते फडक्यात बांधून ठेवले आणि पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी चहाबरोबर एकेक तुकडा स्वतः खाल्ला. शेवटी शेवटी ते इतके कडक झाले होते की चहात बुडवून ठेवावे लागत. तिच्या दाढा तेव्हाच दुखायच्या. मी म्हटलं, मामी, मी खाते थोडे. तर म्हणाली, तू दुसऱ्या घरनी.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मी त्यानंतर वाचली. 1934 पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि मराठीत इतकं निर्मळ, इतकं निर्भय आत्मकथन दुसरं नाही, असं माझं मत आहे. त्यात मला मामी भेटली. नवऱ्याकडे नगरला परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म घेतला नाही. त्यांचं स्वयंपाकपाणी सुरुवातीला वेगळं होतं. एका माणसाच्या घरात दोन चुली. जात आणि विटाळ यांची गाठ त्यांच्या मनात हळूहळू सुटत गेली, आणि ती त्यांची त्यांनी सोडवली. 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

इथं टिळकांचा एक मोठेपणा मला सांगायचाय. इंग्रज सरकारनं धर्मांतरितांसाठी दोन कायदे केले होते. 1850 च्या कायद्यानं, धर्म किंवा जात सोडली म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही, असं ठरलं. त्याआधी बापाच्या शेतावर आणि वाड्यावर पाणी सोडूनच माणूस बाहेर पडत असे. दुसरा कायदा 1866 चा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको सहा महिने त्याच्याजवळ राहायला आली नाही, तर त्याला कोर्टात जाता येई. कोर्ट बायकोला विचारी, वर्षभर थांबे, आणि तिनं नकार कायम ठेवला तर लग्न मोडून मिळे. दुसरं लग्न करायला मोकळीक. म्हणजे टिळकांना सरकारनं दार उघडून दिलं होतं. त्यांनी त्या दारातून पाऊल टाकलं नाही. बायकोनं यावं म्हणून त्यांनी वाट पाहिली, पत्रं लिहिली, चिडले, रुसले, पण तिला सोडलं नाही. त्यांचं शिष्यत्व मला खरं वाटतं ते यामुळे. देवासाठी सगळं सोडायची ज्याची तयारी आहे, त्यानं दुसऱ्या माणसाच्या कबुलीसाठी पाच वर्षं ताटकळत राहणं, ही मला बाप्तिस्म्याइतकीच मोठी गोष्ट वाटते.

जळगावच्या संमेलनानंतर बालकवींना टिळकांचा जो लळा लागला, त्यातून हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं. ब्राह्मणाचा तरुण मुलगा ख्रिस्ती पाद्र्याच्या घरात राहतो, जेवतो, हे ऐकून धरणगावकडे लोकांच्या मनात काय काय आलं असेल, याची कल्पना मी करू शकते. पण ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. त्या घरात राहायचं तर ख्रिस्ती हो, अशी अट नव्हती. 5 मे 1918 रोजी जळगाव-भुसावळच्या मध्ये भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून ते गेले. वय सत्तावीस. टिळकांनी त्याआधीच, 1917 साली, मिशनची पगारी सेवा सोडली होती. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. म्हणजे एकदा ब्राह्मणांचं घर सोडलं, आणि वीस-बावीस वर्षांनी मिशनचं. किंमत एकदाच मोजून सुटका होत नाही. 9 मे 1919 रोजी ते वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत.

धर्माची सरमिसळ खानदेशाला नवी नाही. यावल-रावेरकडचे तडवी मुसलमानही आहेत आणि सातपुड्यातले भिल्लही. मुक्ताईच्या यात्रेला जाणारा माणूस वाटेत दर्ग्यापुढे हात जोडतो. 1930 च्या दशकात तळोद्याकडे गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला लावली, एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारायला शिकवलं, तेही एका अर्थी नवं शिष्यत्वच होतं. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्वीडन-अमेरिकेहून मिशनरी आले. चिंचपाड्याचा मिशनचा दवाखाना माहीत नाही असा माणूस नवापूर-साक्री भागात सापडणार नाही.

तिथल्या पाड्यांवर भांडण कशावरून होतं, तेही बघावं. बायबलावरून होत नाही. गावदेवाच्या पूजेला घरटी वर्गणी निघते. ख्रिस्ती झालेलं घर ती देत नाही. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाच्या वेळी सगळा पाडा एक होतो आणि दोन घरं बाजूला बसतात. गावाला वाटतं, यांनी अंग काढून घेतलं, आता पाऊस रुसला तर कोणाला धरायचं? त्या घरांना वाटतं, आम्ही कुणाचं काय घेतलं? दोन्ही बाजूंनी भीतीच आहे. त्या भीतीवर बाहेरचे लोक येऊन आपापली चूल पेटवतात. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, आणि त्याच वर्षीच्या नाताळात, नवापूरला लागून असलेल्या गुजरातच्या डांगमध्ये आदिवासींची प्रार्थनाघरं जाळली-पाडली गेली. पंतप्रधान वाजपेयी तिथं जाऊन आले आणि धर्मांतरावर देशभर चर्चा व्हावी, असं म्हणाले. चर्चा अजून चालूच आहे. ज्यांचं छप्पर गेलं त्यांना त्या चर्चेत कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही.

मेल्यावरही हिशेब मिटत नाही. बस्तरमधल्या एका पास्टरचा देह जानेवारी 2025 मध्ये जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होता, कारण त्याच्याच गावात त्याला पुरायला गावाचा विरोध होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी गावापासून दूर, ख्रिस्ती दफनभूमीत पुरायला सांगितलं गेलं. बापाला आजोबांशेजारी ठेवायचं, एवढंच त्या मुलाचं मागणं होतं.

कागदावरची किंमत वेगळीच. 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते. शिखांसाठी 1956 साली आणि बौद्धांसाठी 1990 साली ही अट सैल झाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणून रविवारी प्रार्थनेला जाणारी कित्येक घरं दाखल्यावर वेगळं लिहितात. त्यांना खोटारडं म्हणणारे दोन्हीकडे आहेत. मी म्हणणार नाही. विहिरीवरचा विटाळ बाप्तिस्म्यानं धुतला गेला नाही, तर त्याची भरपाई का जावी? आदिवासींना ही अट नाही. आता त्यांनाही यादीतून वगळा, अशी मागणी होते आहे.

एवढं सांगून मला मिशनच्या बाजूच्या चुकांवरही बोललं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं लंगडं पडेल. आजारी माणसाच्या उशाशी बसून, औषध बंद कर, फक्त प्रार्थना कर, असं सांगणारे लोक मी पाहिले आहेत. कानबाईला सैतान म्हणणारं पत्रकही मी वाचलं आहे. ते लिहिणाऱ्यानं माझ्या मामीच्या मनाला हात घातला होता, आणि तो अधिकार त्याला कुणी दिला नव्हता. टिळकांनी तुकोबाचं बोट सोडलं नाही. तुकोबाच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. शिष्यानं आपली किंमत आपल्या कनवटीतून मोजावी. दुसऱ्याच्या देवाला शिवी देऊन ती वसूल करू नये.

मामा गेले तेव्हा दादानं खांदा दिला. अग्नी धाकट्यानं दिला, कारण दादा ते विधी करणार नव्हता, आणि मामांनी शेवटपर्यंत त्याला त्याबद्दल विचारलंही नव्हतं. दहाव्याला तापीच्या वाळवंटात पिंड ठेवला. कावळा येईना. धाकट्यानं हात जोडून शेताचं सांगितलं, कर्जाचं सांगितलं, बहिणीच्या लग्नाचं सांगितलं. कावळा झाडावरच. ऊन चढलं. लोक कुजबुजायला लागले आणि सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. तो बाजूला उभा होता. चपला काढून तो पुढे आला, पिंडासमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, आबा, मायची काळजी करू नका, ती माझ्याकडे राहील. थोड्या वेळानं कावळा शिवला.

पुढच्या रविवारी त्याच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला विचारलं, तू पिंडापाशी का गेलास? काही महिने त्याला प्रार्थना चालवायला दिली नाही. इकडे भाऊबंद म्हणत, बघा, शेवटी आलाच ना. दोन्हीकडच्यांना तो आपल्या बाजूचा हवा होता. तो बापाशी बोलला होता, एवढी साधी गोष्ट कुणाला दिसली नाही.

सीमेपलीकडे मध्य प्रदेशात 1968 पासून आणि गुजरातेत 2003 पासून धर्मांतरावर कायदा आहे. जबरदस्ती आणि फसवणूक यांना शिक्षा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कायदा विचारतो ते प्रश्न कलेक्टरचे असतात: कुणी केलं, कधी केलं, अर्ज दिला होता का. सुपापुढे बसलेल्या बाईचा हात गव्हात का थांबला, हे कुठल्याच नमुन्यात भरता येत नाही.

खानदेशातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या भाऊबंदांत असं घर असेल, आणि बहुतेक असेलच, तर या श्रावणात त्याच्या नावाची मूठ धरा. तो खाईल किंवा खाणार नाही, तो त्याच्या देवाचा आणि त्याचा प्रश्न आहे. आणि ख्रिस्ती बंधूंना सांगते, आई बोलावते तेव्हा जात जा. जेवला नाहीत तरी चालेल. मामी आज धुळ्याला दादाकडे राहते. तिची कानबाई धाकट्याकडे गावी बसते, आणि दर वर्षी रविवारी सकाळच्या एसटीनं दादाच तिला तिथं नेऊन सोडतो.